शिंगवाली पाटी

"मॅडम, गाडी माझी नाही. नंबर मात्र माझाच आहे."

लोहकरे गुरुजी हे तिसऱ्यांदा म्हणाले आणि त्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर सरकवला. समोरचा चहा तसाच पडून त्यावर साय धरली होती.

मी मंचरजवळ हायवेला एका गाड्यांच्या शोरूममध्ये आरटीओ डेस्क सांभाळते. म्हणजे गाडी विकतो दुसराच, चावी आणि पेढे देताना फोटोत उभा राहतो तिसरा, आणि रजिस्ट्रेशन, टॅक्स, इन्शुरन्स, नंबर, पाटी ही सगळी कटकट माझ्या वाट्याला येते. लोक मला "नंबरवाल्या मॅडम" म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणत असतील.

गुरुजी घोडेगावला राहतात आणि आहुप्याच्या बाजूला डोंगरातल्या शाळेवर शिकवतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एक्स्चेंज सेक्शनमधून त्यांनी एक जुनी पांढरी एसयूव्ही घेतली होती. घाटात एसटी वेळेवर मिळत नाही म्हणून घेतलेली गाडी. गृहस्थ असे की पीयूसी संपायच्या आठ दिवस आधी फोन करून विचारणार, "मॅडम, काढू ना आता?"

मोबाइलवर एक फोटो होता. पेठ गावच्या स्टँडजवळच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यातला. संध्याकाळची वेळ, पांढऱ्या गाडीची मागची बाजू, आणि खाली अंधुक नंबर. गेल्या आठवड्यात या गाडीने इंदूबाई नावाच्या भाजी विकून घरी निघालेल्या बाईला उडवलं होतं. गाडी थांबली नाही. बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि त्या दवाखान्यात पडून होत्या. पोलिसांनी फोटो मोठा करून करून पाटीवरची बारीक अक्षरं लावली, तर नाव निघालं लोहकरे गुरुजींचं.

"त्या दिवशी मी शाळेवर मुक्कामी होतो," गुरुजी म्हणाले. "गाडी शाळेच्या पडवीला उभी. पण तिथं रेंज नाही. मोबाइलचं लोकेशन दाखवायचं म्हटलं तर काय दाखवू? पोरं सांगतील, पण ती माझीच पोरं. कोण ऐकणार?"

"पोलीस काय म्हणाले?"

"आज दुपारी गाडी घेऊन हजर राहा म्हणाले. वकील म्हणतो अटकही होऊ शकते." ते टेबलावर पुढे झुकले. "मॅडम, आमच्या नोकरीत अठ्ठेचाळीस तास आत राहिलं की निलंबन आपोआप होतं. मग मी खरा का खोटा, ते कुणी विचारत नाही. माझी मुलगी बारावीला आहे हो."

मी फोटो जवळ घेऊन पाहिला आणि ती पाटी ओळखली.

आता नंबराचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नंबरात आधी राज्य येतं, मग आरटीओ ऑफिसचा आकडा, मग सिरीजची अक्षरं आणि शेवटी चार आकडे. लोकांचा जीव अडकतो तो या शेवटच्या चार आकड्यांत. हवा तो नंबर घ्यायचा असेल तर त्याला चॉईस नंबर म्हणतात. ऑनलाइन फी भरायची, नंबर राखून ठेवायचा आणि मुदतीत गाडीला लावायचा. एकाच नंबरावर दोघे अडून बसले तर लिलाव होतो. चालू सिरीजमध्ये नंबर गेलेला असेल तर दुसऱ्या सिरीजमधून जास्त फी भरून घेता येतो. एवढी चैन सरकार करू देतं. पण नंबर तुमच्या आवडीचा असला म्हणून पाटी तुमच्या आवडीची होत नाही. अक्षरं इंग्रजीच हवीत, आकडे ठरलेल्या मापाचेच हवेत, सगळे एकसारखे. नाव नाही, चित्र नाही, वाघ नाही, महाराज नाहीत. नव्या गाडीला कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी पाटी येते. ती एकदा लॉक केली की तोडल्याशिवाय निघत नाही.

राजुरीचे शेळके हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या भावकीतल्या झाडून सगळ्या गाड्यांचा नंबर २७२७. घरातल्या पहिल्या ट्रॅक्टरला तो नंबर मिळाला आणि त्यानंतर घराला बरकत आली, असा त्यांचा विश्वास. मग पिकअप, बुलेट, जीप, जे येईल त्याला २७२७. सिरीज वेगळी, शेवटचे चार आकडे तेच. गावात त्यांना शेळके म्हणून कमी आणि सत्तावीसवाले म्हणून जास्त ओळखतात.

भावकीतले थोरले म्हणजे नाना. वय सत्तरीच्या आसपास, अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, आणि बैलगाडा शर्यतीचं वेड. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्यांचे बैल पळतात. त्यांच्या पहिल्या एसयूव्हीची पाटी त्यांनी नारायणगावच्या एका कलाकाराकडून करून घेतली होती. सिरीजची अक्षरं मुंगीएवढी, आकडे वीतभर, आणि दोन्ही सातांच्या माथ्यावर बैलाच्या शिंगासारखं वळण. बेकायदा होती, पण देखणी होती, हे मला कबूल आहे.

ती एसयूव्ही दोन वर्षांपूर्वी नानांनी एक पिकअप घेताना एक्स्चेंजमध्ये आमच्याकडे दिली आणि तीच पुढे लोहकरे गुरुजींनी घेतली. गाडीबरोबर तिचा नंबरही गुरुजींच्या नावावर गेला, पण गाडी देताना नानांनी पाटी मात्र काढून घेतली.

"नाना, ती मोडून टाका," मी तेव्हा म्हणाले होते.

"लक्ष्मी हाय ती मॅडम. लक्ष्मी कोण मोडतं व्हय?"

शेळक्यांच्या घरी ही रीतच होती. गाडी विकली की पाटी ठेवून घ्यायची. पडवीत दारावर खिळे मारून ओळीने सगळ्या पाट्या टांगलेल्या, पहिली ट्रॅक्टरची, ट्रॅक्टर घरातच असला तरी नवी पाटी बसवताना उतरवलेली. खंडेनवमीला कोयता, कुदळ, नांगराबरोबर त्यांनाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ. एकदा पूजेला बोलावलं होतं तेव्हा मी पाहिलं होतं आणि मला ते आवडलंही होतं. माणसं देव्हाऱ्यातल्या टाकांना जितकं जपतात तितकं शेळके ते पत्रे जपत होते.

आता फोटोत तीच शिंगं होती. आणि आणखी एक गोष्ट होती जी पोलिसांना दिसली नव्हती, पण रोज गाड्यांमध्ये वावरणाऱ्या मला दिसली. फोटोतल्या गाडीचे मागचे दिवे आडव्या पट्टीचे होते. गुरुजींच्या जुन्या मॉडेलचे दिवे उभे आहेत. आडवी पट्टी नव्या मॉडेलला आली. आणि ते पांढरं नवं मॉडेल नानांनी दसऱ्याला आमच्याकडून नेलं होतं, २७२७ नंबरासकट.

मी गुरुजींना काही सांगितलं नाही. नुसत्या अंदाजावर कुणाचं नाव घ्यायचं, तेही अशा प्रकरणात? मी म्हणाले, "गुरुजी, चहा घ्या आणि इथंच बसा. मी आले."

मग शेठच्या केबिनमध्ये गेले. आमचे शेठ मारवाडी जैन, पण तिसरी पिढी मंचरलाच वाढलेली, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते चष्मा काढतात तेव्हा मला भीती वाटते.

"सुनीताताई, शेळक्यांकडून आपल्याला वर्षाला किती गाड्या मिळतात?"

"माहीत आहे शेठ."

"आपण गाड्या विकतो. तपास पोलीस करतात. ते शोधतील."

"शोधतील. पण तोवर गुरुजी आत गेलेले असतील. शेठ, नानांना गाडी आपण विकली तशी गुरुजींनाही आपणच विकली. एकच गाडी दोनदा कमिशन देऊन गेलीय."

शेठनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर गुरुजी सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, जणू पूर्ण बसलं तर कुणी उठवेल.

"खात्री आहे?"

"नाही. म्हणून तर गाडी डोळ्यांनी बघायची आहे. कंपनीच्या पाटीवर जुनी शिंगवाली चढवलीय का, ते."

"आणि तू गेलीस की ते पाटी काढून विहिरीत टाकतील. मग?"

हीच तर भीती मलाही होती. आधी पोलिसांकडे जावं तर आपला अंदाज चुकला की शेळके पुन्हा शोरूमची पायरी चढणार नाहीत, आणि माझी नोकरीही जाईल. आधी शेळक्यांकडे जावं तर पुरावा जाईल आणि गुरुजी बुडतील. इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहीर शेळक्यांची.

"फोटो काढून ठेव, गेल्या गेल्या," शेठ म्हणाले. "डेमो गाडी घेऊन जा. ड्रायव्हर नेऊ नको, चार तोंडं होतात. आणि दुपारच्या आत ये."

मी निघाले. रस्ताभर मनात एकच चाललं होतं, की माझा अंदाज खोटा ठरू दे. म्हणजे गुरुजींचं काय होईल याचा विचार मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला होता. माणूस असाच असतो, नको ते काम टळावं म्हणून देवालाही कामाला लावतो. नारायणगावला ट्रॅफिकमध्ये अडकले तेव्हा तर मागे वळावं असंही वाटलं.

राजुरीत शेळक्यांच्या अंगणात गाडी उभी होती. धुतलेली, चकचकीत. मी उतरले आणि सरळ मागे गेले. शिंगवाली पाटी एका फ्रेममध्ये बसवलेली होती, आणि फ्रेमच्या डाव्या कडेला खालच्या पाटीवरची निळी 'IND' ही अक्षरं डोकावत होती. कंपनीची पाटी शाबूत होती. तिच्यावरच ही चढवली होती. मी दोन फोटो काढले.

"या मॅडम, या," नाना पडवीतून म्हणाले. "आज इकडं कशी वाट वाकडी केली? अगं ए, चहा टाक."

"नाना, ही पाटी इथं कशी?"

"ती व्हय?" नाना हसले. "तुमच्या कंपनीची पाटी रेशनच्या दुकानावर लावल्यावानी दिसती राव. गाडीला काय रुबाब न्हाई. म्हनलं आपली जुनी हाय, नंबर तर तोच हाय. चार स्क्रू मारले, झालं."

"नंबर तोच नाही नाना. आकडे तेच आहेत. सिरीज जुनी आहे. ती गाडी आता दुसऱ्या माणसाच्या नावावर आहे."

"बारीक अक्षरं कोन वाचतंय?"

"पोलिसांनी वाचली."

नानांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. दारावरच्या ओळीत एक खिळा रिकामा होता. मी तिकडे बघत सगळं सांगितलं. पेठ, इंदूबाई, दुकानाचा कॅमेरा, शोरूममध्ये सोफ्याच्या कडेला बसलेले गुरुजी. सांगून झालं तेव्हा चहा आला. कुणी हात लावला नाही.

"बाई हाय ना जित्ती?" नानांनी विचारलं.

"आहे. खुबा मोडलाय."

"मला वाटलं पोत्याला लागलं," नाना म्हणाले. "बाजार उठला व्हता. रस्त्याच्या कडंला पोती पडल्याली असत्यात."

तेवढ्यात आतून सागर आला. नानांचा मुलगा, शेतीबरोबर पुण्यात कंपनीतही नोकरी करतो. त्याने सगळं ऐकलं असावं.

"नाना, तुमी गप बसा," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, पाटीचं चुकलं आमचं. मी आत्ता काढतो. विषय संपला. गाडी आमची कंपनीच्या पाटीची, फोटोतली पाटी दुसऱ्याची. आमचा काय संबंध?"

"सागर, मी फोटो काढलाय."

"मग डिलीट करा. आपले इतक्या वर्षांचे संबंध हायेत." तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. "नाना सत्तरीचे हायेत मॅडम. बीपीच्या गोळ्या चालूयेत. त्यांना ठाण्यात बसवनार का तुमी?"

तो आत जाऊन स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. मी गाडीच्या मागे उभी राहिले. का राहिले मला माहीत नाही. मला मारामारी येत नाही, मोठ्याने बोलताही येत नाही. मी नुसती म्हणाले, "खालच्या पाटीला स्क्रूची भोकं पडलीत सागर. पुढच्या काचेवर आतून स्टिकर आहे, त्यावर या गाडीचा खरा नंबर आहे. मागचे दिवे नव्या मॉडेलचे आहेत. पाटी काढलीस तरी गाडी बोलेल."

सागर पाटीपाशी खाली बसला. पहिला स्क्रू अर्धा फिरवला.

"राहू दे," नाना म्हणाले.

"नाना, तुमाला कळत न्हाई."

"राहू दे म्हनलं ना. हाय तशी चल." ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली. "मास्तरला पोरगी हाय का वो मॅडम?"

"आहे. बारावीला."

"चल सागर. गाडी तू चालव. मॅडम, तुमी माझ्या गाडीत बसा. तुमची गाडी पोरं आनून देतील."

मी मागे नानांच्या शेजारी बसले. सागर गाडी एकसारख्या वेगाने चालवत होता, समोरच्या ट्रकलाही ओव्हरटेक करत नव्हता. मी गुरुजींना फोन करून ठाण्यात यायला सांगितलं. "मॅडम, गाडी आणू ना?" त्यांनी विचारलं. "आणा. उभे दिवे त्यांना दिसू द्यात," मी म्हणाले. त्यांना काही कळलं नसावं.

कळंब मागे पडल्यावर नानांनी खिडकीकडे तोंड केलं.

"पोतं नव्हतं पोरी," ते हळू म्हणाले. मला पोरी म्हणण्याचा तो पहिलाच प्रसंग. "आरशात दिसली व्हती मला. लुगडं दिसलं. थांबायचं म्हनून पाय ब्रेकवर गेला व्हता. पन लोकं धावत आली. वाटलं, मारत्याल. म्हातारा मानूस, एकला. मग पाय निघाला."

मला त्यांचा राग आला होता आणि त्यांची कीवही येत होती, दोन्ही एकदम. पुढे सागरची मान ताठ झाली होती. तो पहिल्यांदाच हे ऐकत होता.

"सात दिवस झोप न्हाई मला," नाना म्हणाले. "कुनीतरी येईल असं वाटायचं. तू आलीस."

ठाण्यात तपास करणाऱ्या साहेबांनी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायला लावल्या. एकीची साधी पेंटरने लिहिलेली पाटी, दुसरीची शिंगवाली. दोन्हींवर अक्षरन्‌अक्षर एकच नंबर. साहेबांनी काचेवरचा स्टिकर वाचला, फ्रेम उचलून खालची पाटी बघितली, दिवे बघितले. मग त्यांनी विचारलं, "ही पाटी कुणी लावली?"

"मी," नाना म्हणाले. "आन गाडीबी मीच चालवत व्हतो."

लोहकरे गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. सगळं त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी कुणाला दोष दिला नाही, आभारही मानले नाहीत. ते खाली फरशीवर बसले आणि रडायला लागले. साहेबांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. नाना त्यांच्याजवळ गेले, हात जोडले, आणि तसेच उभे राहिले.

पुढचं थोडक्यात सांगते. गुरुजींचं नाव त्या केसमधून निघालं आणि दुसऱ्या दिवशी ते शाळेवर गेले. नंतर ठरलेल्या तारखेला त्यांनी हाय सिक्युरिटी पाटी बसवून घेतली, तीसुद्धा वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन. नानांवर गुन्हा दाखल झाला, जामीन झाला, केस चालू आहे. दुसऱ्या गाडीचा नंबर लावल्याचं कलम वेगळं. लायसन्स गेलं. इंदूबाई काठी घेऊन चालतात. शेळके त्यांच्याकडे जाऊन आले, पण त्या नानांशी बोलल्या नाहीत, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. शिंगवाली पाटी ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा आहे.

शेठना वाटलं होतं शेळके आता दुसऱ्या शोरूमला जातील. गेले नाहीत. या पाडव्याला सागर नवी पिकअप घ्यायला आला.

"नंबर?" मी विचारलं.

"२७२७च घ्या," तो म्हणाला. "नानांनी सांगितलंय. पन घरातल्या सगळ्या जुन्या पाट्या त्यांनी भंगारात घालायला लावल्या. ट्रॅक्टरची तेवढी राहिली. ट्रॅक्टर अजून आपलाच हाय ना."

आता कुणी टेबलाशी येऊन अक्षरं बारीक करा, आकडे वाकवा म्हणून हट्ट धरला की मी नियमाची कलमं सांगत बसत नाही. इंदूबाईंनी जबाबात काय सांगितलं होतं तेवढंच सांगते. साहेबांनी त्यांना विचारलं होतं, गाडीचा नंबर दिसला का? त्या म्हणाल्या होत्या, "खाली पडल्या पडल्या लई बघितलं सायेब. मला नुसती शिंगंच दिसली." पाटी गाडीच्या मालकासाठी नसते. ती रस्त्यात पडलेल्या माणसाला वाचता आली पाहिजे.